गेमिंग प्रोसेसरची चाचणी: रिकाम्या विंडोजवर की वापरातल्या पीसीवर?

सहाकोरी (धागा)
रिव्ह्यूमधला पीसी कसा असतो? ताजं विंडोज, मागे एकही ॲप चालू नाही, १०८०पी (कमी रिझोल्यूशन, म्हणजे कार्डावर ताण कमी) आणि बाजारातलं सर्वात दमदार ग्राफिक्स कार्ड. घरी डिस्कॉर्डवर गप्पा चालू असतात, दुसऱ्या मॉनिटरवर मॅच, मागे ओबीएस या ॲपवर गेमचं रेकॉर्डिंग.

चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आय३-१२१००एफ सरासरी एफपीएसच्या (दर सेकंदाला किती फ्रेम) तक्त्यात बरा दिसतो. पण ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ ला जेमतेम ६.९. गेमचा मुख्य थ्रेड (कामाचा धागा) जागा झाला आणि नेमके चारही कोअर गुंतलेले असले, तर ४ मिलिसेकंदांची रांगही जड जाते. सरासरीत हे बुडून जातं, झटका मात्र डोळ्याला दिसतो. म्हणून मागे भार ठेवून काढलेला १% लो (सर्वात संथ एक टक्का फ्रेमांचा एफपीएस) हाच खरा आकडा.

नंबरी
असहमत. त्यातून प्रोसेसर मोजला जात नाही, त्या दिवशीचा ब्राउझर मोजला जातो. दोन प्रोसेसरांत फरक ४ टक्के आणि एकाच प्रोसेसरच्या दोन फेऱ्यांत ६ टक्के असेल, तर तो तक्ता कशाला छापायचा?

आणि तो भार असतो तरी किती? "४० टॅब उघडे ठेवले" हे ऐकायला भारी. पण क्रोम लपलेल्या टॅबचे टायमर स्वतःच मंदावतो. असे टॅब रॅम अडवतात, कोअर फारसे नाही. मॅचचा व्हिडिओ बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड उलगडतं. रेकॉर्डिंग कार्डाच्या एन्कोडरवर (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या भागावर) टाकलं की तेही प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरलं. १०८०पी घेतात ते कार्ड आड येऊ नये म्हणून. तुम्ही मागच्या दाराने तेच कार्ड पुन्हा आत आणताय.

फेरीवाला
नंबरी, आक्षेप बरोबर, पण तो ढिल्या चाचणीवरचा आहे. भार बांधून घेता येतो:

व्हिडिओ ऑनलाइन नको (जाहिरात येते, दर्जा वरखाली होतो). डिस्कवरची १०८०पी ६० फ्रेमची एकच फाइल, पुन्हा पुन्हा चालणारी. ओबीएसमध्ये एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर), व्हेरीफास्ट, ६००० केबीपीएस, सीबीआर (बिटरेट कायम तोच). म्हणजे एन्कोडिंग प्रोसेसरवरच पडतं. स्टीमचे (गेम विकणारं ॲप) डाउनलोड आणि विंडोज अपडेट थांबवा. स्टीम डाउनलोड करता करता फाइली उलगडतं, त्यात कोअर बरेच खर्ची पडतात. रीस्टार्टनंतर १० मिनिटं पीसीला हात लावू नका. एकच सेव्ह फाइल, एकच रस्ता, ६० सेकंद, प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्सवर (फ्रेमची वेळ मोजणारी ॲप) नोंद. पहिली फेरी फेकून द्या, तीत शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होण्याची आणि डिस्कवरून वाचण्याची भर असते. पुढच्या प्रत्येकी किमान पाच फेऱ्या भार-बिनभार अशा आलटून पालटून काढा. आधी पाच रिकाम्या, मग पाच भारासह, असं केलंत तर तापलेल्या कॅबिनेटचा दोषही भाराच्या नावावर चढतो.

लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच: ओबीएसच्या स्टॅट्समध्ये एन्कोडिंग मागे पडल्यामुळे किती फ्रेम गळल्या, हेही छापा. नाहीतर गेम सुसाट आणि रेकॉर्डिंगचा चिवडा, असा प्रोसेसर पहिला येतो.

गेम बल्डर्स गेट ३ घ्या, तिसऱ्या अंकातलं शहर. तिथली गर्दी प्रोसेसरला घाम फोडते. सुरुवातीच्या जंगलात फिरून काही कळत नाही.

ई-कोअर
एवढं बांधूनही एक भोक राहतं. आय५-१३६००के मध्ये ६ पी-कोअर (वेगवान) आणि ८ ई-कोअर (वीज वाचवणारे, संथ) आहेत. ओबीएसची खिडकी मिनिमाइझ केली की विंडोज ते काम ई-कोअरवर ढकलू शकतं. मग गेम मोकळा, एन्कोडिंग गळपटलं. खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर उघडी ठेवली तर आकडे निराळे येऊ शकतात. माउसची शेवटची क्लिक कुठे पडली हेही लिहावं लागेल, थट्टा नाही!

रायझन ९ ७९५०एक्स३डीचं दुखणं वेगळं. जादा कॅश (प्रोसेसरमधली अतिवेगवान मेमरी) दोनांपैकी एकाच चिपलेटवर (कोअरचा तुकडा). गेम चालू असताना दुसरं चिपलेट झोपवलेलं असतं. मागे भार वाढला की ते जागं होतं आणि गेमचे काही थ्रेड कॅश नसलेल्या बाजूला भरकटू शकतात. रिकाम्या विंडोजवर हे दिसणारच नाही.

रॅमशास्त्री
तुम्ही सगळे कोअर मोजताय. १६ जीबीवर गेम, ब्राउझर आणि ओबीएस एकत्र चालवले की रॅम संपते, पेजफाइल (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू होते आणि खापर प्रोसेसरवर फुटतं. आधी रिसोर्स मॉनिटरमधले दर सेकंदाचे हार्ड फॉल्ट्स (रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून वाचावं लागणं) पाहा. ऐन झटक्याच्या वेळी तो आकडा उसळत असेल तर चाचणी रद्द. ३२ जीबी, दोन काड्या, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू. एकच काडी असेल तर बँडविड्थ निम्मी, मग बोलायलाच नको.

नंबरी
फेरीवाल्यांची पद्धत मान्य. पण तो तक्ता वेगळा छापा, "गेमिंग अधिक एन्कोडिंग" असं नाव देऊन. डिस्कॉर्ड आणि एक व्हिडिओ एवढंच करणाऱ्याने तो पाहून आठ कोअरसाठी जादा पैसे मोजले, तर त्याची फसवणूकच.

सहाकोरी
वेगळा तक्ता चालेल. मग रिकाम्या तक्त्यावरही "रिकामं विंडोज" असं तितक्याच ठळक अक्षरात छापा. आणि १२१००एफ व रायझन ५ ७६००, दोन्हींवर १२० एफपीएसची कॅप (कमाल मर्यादा) लावून भारासह फेरी काढा. कॅप धरली तर सरासरी दोघांची सारखीच येईल. फ्रेमटाइमचे (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचे) आलेख शेजारी ठेवा, मग १% लोवर बोलू.