रस्त्याकडेच्या सहा झाडांवर लाल क्रमांक पडले आहेत; तातडीने मदत हवी आहे

खाडीकाठचा | 11 मे, सकाळी 7.40

नमस्कार. आमच्या रस्त्यावरील सहा मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर परवा कोणीतरी लाल रंगाने एक ते सहा असे क्रमांक टाकून गेले आहे. समोरच्या घरमालकांनी झाडे काढण्यासाठी अर्ज दिल्याचे मला आधीच कळले होते, त्यामुळे या क्रमांकांचा अर्थ कोणी वेगळा सांगायला नको. पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे आणि पावसाच्या तोंडावर ‘धोकादायक’ एवढा शब्द कागदावर आला की कोणतेही झाड आडवे करता येते, असा आमच्याकडचा अनुभव आहे. नगरपरिषदेत दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेस बांधकाम विभागाने आरोग्य विभागाकडे पाठवले आणि दुसऱ्या खेपेस आरोग्य विभागाने बांधकामाकडे.

प्रश्न दोनच आहेत. हरकत नेमकी कोणाकडे नोंदवायची? आणि झाड खरोखर धोकादायक आहे की नाही, हे कसे ठरवायचे? ‘झाडे लावा, झाडे जगवा’ छापाची उत्तरे कृपया देऊ नयेत. वेळ नाही.

कोर्टपायरी | 11 मे, सकाळी 8.25

गाव सांगितले नाहीत तरी चालेल, पण रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रस्ता नगरपरिषदेचा असू शकतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो किंवा महामार्गाचाही असू शकतो, आणि कंत्राट कोणी दिले आहे ते त्यावरून कळेल.

मात्र नगरपरिषदेच्या हद्दीत कोणाचेही झाड असले तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. आपण ज्या दोन टेबलांवर गेलात, त्यांपैकी वृक्ष अधिकाऱ्याचा कार्यभार कोणाकडे आहे हे तोंडी विचारत बसू नका. ‘वृक्ष अधिकारी, द्वारा मुख्याधिकारी’ असे लिहून हरकतीचा अर्ज आवक-जावक कक्षात द्या आणि पोच घ्या. झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही ठळकपणे सूचना लावावी लागते. ती लावली आहे का? नुसता क्रमांक म्हणजे सूचना नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही येते. त्यामुळे ‘आम्ही तोडत नाही, फक्त छाटतो’ असे म्हणून कोणी सारा माथा उतरवला, तर तेही विनापरवाना करता येत नाही.

हापूसवाला | 11 मे, सकाळी 9.10

एवढी कज्जेदलाली करण्यापेक्षा सरळ वन खात्याकडे जावे. आमच्या बागेतला जुना आंबा काढताना परवानगी आम्ही तिथूनच घेतली होती. आणि झाड वाचवायचेच असेल तर वरचा भार कमी करून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडे वापरू नये. आमची चाळीस वर्षांची कलमे याच्यावर उभी आहेत.

जुना_वनपाल | 11 मे, सकाळी 10.05

हापूसवाल्यांनी दोन कायद्यांची सरमिसळ केली आहे. ते ज्या परवानगीबद्दल बोलत आहेत ती 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखालची असावी. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, आईन, किंजळ, जांभूळ, खैर अशी ठरावीक झाडे आहेत. नगरपरिषदेच्या रस्त्यावरच्या झाडासाठी वर सांगितलेला 1975 चाच कायदा पाहावा लागेल.

पण मूळ पोस्टमध्ये सर्वांत महत्त्वाची गोष्टच नाही. झाडे कोणती आहेत? सहाही एका जातीची आहेत का? झुकली आहेत का, आणि झुकली असतील तर केव्हापासून? बुंध्याशी काय आहे: माती, पार की काँक्रीट?

खाडीकाठचा | 11 मे, दुपारी 1.30

रस्ता नगरपरिषदेचा आहे. झाडे पर्जन्यवृक्षाची आहेत, ज्याला सगळे रेनट्री म्हणतात. माझ्या वडिलांच्या लहानपणीही ती होती. झाडावर कोणतीही सूचना लावलेली नाही. जात कोणती यावरून हरकतीत काय फरक पडणार आहे, हे मला समजले नाही. चार क्रमांकाचे झाड थोडे रस्त्याकडे झुकलेले आहे, बाकीची सरळ आहेत.

सातवीण | 11 मे, दुपारी 2.15

जातीने फरक पडतो. पर्जन्यवृक्ष हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आणलेला वृक्ष आहे. विस्तार अवाढव्य आणि मुळे उथळ. कोकणच्या किनाऱ्याला उंडी, करंज, भेंड, सुरंगी, बकुळ, ताम्हण अशी आपली झाडे असताना परक्या झाडांसाठी भांडण्यात काय अर्थ आहे? उंडीचे झाड खारा वारा सोसते आणि तिच्या बियांचे तेल आपले लोक दिव्याला जाळीत आणि होड्यांच्या लाकडाला लावीत. ही संधी समजून सहाही झाडे जाऊ द्यावीत आणि त्या जागी उंडी लावण्याची मागणी करावी.

पेठेतली_मावशी | 11 मे, दुपारी 3.00

उंडी सावली देण्याजोगी होईपर्यंत बाजाराला येणाऱ्या बायकांनी पाट्या घेऊन कुठे बसायचे, तेही सातवीण यांनी सांगावे. मे महिन्यात त्या रस्त्यावर बारा वाजता चालून पाहा, मग देशी-परदेशी ठरवा. आमच्या गल्लीतली अशीच झाडे गटाराच्या कामात गेली. त्या वेळी प्रत्येकाच्या बदल्यात दहा लावण्याचे आश्वासन होते. लावली गेली ती शोभेची रोपे, आणि त्यांपैकी आता लोखंडी जाळ्या तेवढ्या उरल्या आहेत.

माडाची_वाडी | 11 मे, सायंकाळी 6.20

झाडांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या दिवसांत माडांच्या सुईत, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या न उमललेल्या पानात, गेंड्या भुंगा शिरलेला दिसल्यास तो तारेच्या आकडीने ओढून काढावा आणि शेणखताच्या खड्ड्यातील अळ्या वेचून माराव्यात, कारण त्याची पैदास तिथेच होते. अधिक माहितीसाठी भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात जावे.

कोर्टपायरी | 11 मे, सायंकाळी 6.45

माडाबद्दल कोणी विचारलेले नाही.

जुना_वनपाल | 11 मे, रात्री 9.30

सातवीण यांचे नवीन लागवडीपुरते म्हणणे मला मान्य आहे, पण उभे झाड तोडण्याचे ते कारण होऊ शकत नाही. तौक्ते वादळ मे 2021 मध्ये याच किनाऱ्यावरून वर सरकले आणि ही झाडे त्यानंतरही उभी आहेत. म्हणजे तेव्हा त्यांचा पाया शाबूत होता. प्रश्न असा आहे की त्यानंतर काय बदलले. खाडीकाठच्यांना माझा एकच प्रश्न आहे: गेल्या दोन-तीन वर्षांत झाडांजवळ काही खणले गेले आहे का? पाण्याची वाहिनी, केबल, गटार, काहीही?

खाडीकाठचा | 12 मे, सकाळी 6.55

डिसेंबरमध्ये नवीन गटार झाले. जेसीबीने चर खणला होता. तो सर्वच झाडांजवळून गेला आहे, क्रमांक चारच्या अगदी बुंध्याला लागून, म्हणजे दीड हातावरून. गटार आमच्या कुंपणाच्या बाजूला आहे आणि झाड झुकले आहे ते रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे त्याचा काही संबंध असेल असे वाटले नाही, म्हणून लिहिले नव्हते.

जुना_वनपाल | 12 मे, सकाळी 8.10

संबंध तोच आहे. झाड ज्या बाजूला झुकते, त्याच्या विरुद्ध बाजूची मुळे त्याला दोरखंडासारखी ताणून धरतात. ती दीड हातावर तोडली गेली असतील, तर झुकलेल्या झाडाचा ताणच कापला गेला आहे. त्यातून आपल्याकडे खाली जांभा दगड असतो. मुळांना फार खोल जाता येत नाही, ती आडवी पसरतात आणि बहुतेक मुळे वरच्या दोन फूट मातीतच असतात. जेसीबीच्या एका फटक्यात किती गेली असतील, याचा अंदाज करावा.

आज पुढील गोष्टी पाहून कळवा. गटाराच्या बाजूला जमीन उचलल्यासारखी दिसते का, किंवा बुंध्याभोवती मातीला अर्धगोल भेग पडली आहे का? बुंध्याच्या तळाशी कडक, फळीसारखी अळंबी फुटली आहे का? ती असेल तर आत लाकूड कुजत असण्याची शक्यता मोठी असते. लाकडी हातोड्याने बुंध्यावर सर्व बाजूंनी ठोकून आवाज कोठे पोकळ येतो ते ऐका. भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, त्यांच्यातील अंतर मोजून लिहून ठेवा आणि रोज मोजा. झाड फार जुन्या काळापासून झुकलेले असेल आणि त्याने स्वतःला सावरून शेंडा वर वळवलेला असेल, तर त्यात घाबरण्यासारखे नसते. हल्ली झुकू लागलेले झाड मात्र वेगळे.

अधिकाराने सांगणारा माणूस हवा असेल, तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. नगरपरिषदेने तेथे पत्र लिहून विचारावे, अशी मागणी हरकतीतच करा.

हापूसवाला | 12 मे, सकाळी 9.00

म्हणजे शेवटी भार कमी करावाच लागणार. मी कालच ते सांगितले होते.

जुना_वनपाल | 12 मे, सकाळी 9.40

भार कमी करणे आणि कवळ तोडणे यांत फरक आहे. आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, आईन-किंजळाची कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडतात आणि झाडाचा नुसता सोट उभा राहतो. तारांखालून जाणारे कंत्राटी कामगार रस्त्यावरची झाडेही त्याच हाताने तोडतात. अशा खुंटांवर पुढच्या वर्षी झुबक्याने धुमारे येतात. ते सालीपाशीच धरलेले असतात आणि मोठे झाले की वाऱ्याने सोलून निघतात. म्हणजे आज धोका काढून पाच वर्षांनंतरचा लावून ठेवायचा. झुकलेल्या बाजूच्या लांब फांद्या टोकाकडून आखूड कराव्यात, तोड नेहमी जोडफांदीपाशी, म्हणजे बाजूची फांदी फुटते तिथे, घ्यावी आणि एका वेळी चौथाईपेक्षा जास्त पाला काढू नये. मोठी फांदी असेल तर आधी खालून अर्धवट चीर, मग थोडे बाहेर वरून तोड आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा, नाहीतर फांदी पडताना बुंध्याची साल घेऊन जाते. बोर्डो पेस्ट लावली काय किंवा न लावली काय, तोड चुकीच्या जागी असेल तर ती जखम भरत नाही. डांबर तर मुळीच फासू नये.

हापूसवाला | 12 मे, सकाळी 10.15

तीन हजार मिलीमीटर पावसात उघडी जखम कुजत नाही, हे पुस्तकात वाचायला बरे आहे. जखम भरायला वर्षे लागतात आणि बुरशीला एक श्रावण पुरतो. आपण वनात नोकरी केलीत. मी झाडांवर पोट भरतो.

जुना_वनपाल | 12 मे, सकाळी 10.40

आपल्या कलमाची फांदी मनगटाएवढी असते आणि तिथे पेस्ट लावण्यास माझा विरोध नाही. येथे फांदी माणसाच्या कमरेएवढी आहे.

खाडीकाठचा | 15 मे, रात्री 8.50

सर्वांचे आभार. आधी माझी चूक सांगतो. लाल क्रमांक तोडीचे नाहीत. ते वृक्षगणनेचे आहेत. ही गणना दर पाच वर्षांनी करावी लागते, असे वृक्ष अधिकाऱ्यांनीच सांगितले. समोरच्या शेजाऱ्यांचा अर्ज खरा आहे, पण तो फक्त क्रमांक चारसाठी आहे.

हरकत दिली, पोच घेतली. त्यानंतर बुंध्याशी जाऊन पाहिले. गटाराच्या बाजूला मातीला भेग आहे, सुमारे दोन हात लांब. अळंबी नाही. पोकळ आवाज एका ठिकाणी आल्यासारखा वाटला, पण माझ्या कानावर माझाच भरवसा नाही. एवढे पाहिल्यावर शेजाऱ्यांना मी पूर्वी जे बोललो ते बोलायला नको होते. उद्या पाहणीला माणूस येणार आहे. तोपर्यंत मुळांसाठी काही करता येईल का? भेगेत मुरूम भरून चोपून घ्यावा असे गवंडी म्हणतो.

कोर्टपायरी | 15 मे, रात्री 9.20

2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. आपल्या वडिलांच्या लहानपणी ते होते, हे हरकतीत लिहिले नसेल तर पुरवणी अर्ज द्या. तोडण्याची वेळ आलीच, तर झाडाच्या वयाएवढी झाडे लावावी लागतात, त्यामुळे वय कागदावर येणे दोन्ही प्रकारे महत्त्वाचे आहे. सातवीण यांची उंडी तिथे लावून घेता येईल.

जुना_वनपाल | 15 मे, रात्री 9.45

मुरूम भरू नका. भेग झाकली की ती वाढते आहे की नाही हेच कळणार नाही. तुटलेली मुळे तीन आठवड्यांत परत येत नाहीत. ही भेग नवी असेल, तर हे एक झाड कदाचित राखता येणार नाही, आणि ते मान्य केल्याने बाकीच्या पाचांची बाजू मजबूत होईल. पाचांपाशी बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून निदान एक मीटर माती मोकळी करून मागा. दिल्लीबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये तसा आदेश दिलेला आहे, त्याचा दाखला देता येईल. खुंट्या ठोकल्यात का?

खाडीकाठचा | 17 मे, सकाळी 7.15

ठोकल्या आहेत. परवा 31 सेंटीमीटर, काल 31, आज सकाळी 31.5. काल वारा होता. पाहणीचा माणूस आला नाही, उद्या येतो म्हणाला. झाडाखाली उभी असणारी गाडी हलवायला सांगून आलो. ती अर्ज देणाऱ्या शेजाऱ्यांचीच आहे.