अ‍ॅडेनिनची जोडी सायटोसिनशी का जमत नाही?

प्रश्न:
बारावीच्या जीवशास्त्राची तयारी करताना एक शंका राहून गेली आहे. डीएनएच्या दोन धाग्यांवर समोरासमोर जोडीने येणाऱ्या चार बेसपैकी (नायट्रोजनयुक्त घटक) अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन ही दोन वलयांची प्युरिने, तर थायमिन आणि सायटोसिन ही एका वलयाची पिरिमिडिने आहेत. डीएनएच्या सर्पिलाची रुंदी सर्वत्र सुमारे २ नॅनोमीटर राहावी म्हणून मोठ्यासमोर लहान बेस येतो, असे आम्हांला शिकवले गेले. परंतु अ‍ॅडेनिन आणि सायटोसिन हीदेखील मोठ्या-लहानाचीच जोडी आहे. मग ती का होत नाही?

उत्तर १:
शंका रास्त आहे, कारण रुंदीचा नियम अर्धेच उत्तर देतो. उरलेले अर्धे हायड्रोजन बंधात आहे. या बंधासाठी एका बाजूला नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन लागतो, त्याला दाता म्हणू. आणि त्याच्या समोर इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी बाळगणारा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन लागतो, तो ग्राही. वहीत चारही बेसची जोडीदाराकडे तोंड करणारी कड काढा आणि दात्यासाठी अधिक, ग्राहीसाठी उणे अशी खूण करा. अ‍ॅडेनिनच्या कडेवर आधी अमिनो गट आणि मग वलयातला नायट्रोजन, म्हणजे अधिक-उणे. थायमिनवर नेमके उणे-अधिक. दोन बंध जुळले. ग्वानिनवर उणे-अधिक-अधिक आणि सायटोसिनवर अधिक-उणे-उणे असल्याने तेथे तीन जुळतात. आता अ‍ॅडेनिनसमोर सायटोसिन मांडून पाहा: अधिकसमोर अधिक आणि उण्यासमोर उणे येते.

उत्तर २:
वरील मांडणी बरोबर आहे, मात्र ती हायड्रोजनचे अणू नेमके कोठे आहेत यावर पूर्णपणे अवलंबून आहे. १९५३ मध्ये डीएनएची रचना शोधणारा जेम्स वॉटसन याच ठिकाणी अडला होता: त्याने पाठ्यपुस्तकांतून उचललेल्या ग्वानिन आणि थायमिनच्या आकृत्यांत हायड्रोजन ऑक्सिजनवर दाखवलेला होता. तो नायट्रोजनवर असायला हवा, हे जेरी डोनह्यू या रसायनशास्त्रज्ञाने सांगितल्यावर पुठ्ठ्याचे तुकडे जुळवताना वॉटसनला दिसले की दोन्ही जोड्यांचा आकार एकसारखाच होतो. अ‍ॅडेनिन व थायमिनचे प्रमाण सारखे आणि ग्वानिन व सायटोसिनचेही सारखे, हे जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन शारगाफचे निरीक्षण त्यात आपोआप बसले.

म्हणूनच 'जमत नाही' हे विधान मी थोडे सैल करीन. अ‍ॅडेनिनच्या अमिनो गटातील एक हायड्रोजन क्वचित वलयातील नायट्रोजनवर सरकतो. त्या रूपात त्याची कड उणे-अधिक होते आणि ते सायटोसिनशी जुळू शकते. डीएनएची प्रतिकृती होताना असे घडले की चुकीचा बेस बसतो. ही प्रत बनवणारे पॉलिमरेज विकर अशा बहुतेक चुका लगेच कापून काढते. जी सुटते, ती दुरुस्त न झाल्यास उत्परिवर्तन म्हणजे डीएनएतील बदल म्हणून टिकते.

प्रश्नकर्ता:
आकृती काढून पाहिली, आता पटले. ग्वानिन-सायटोसिनच्या जोड्या जास्त असलेल्या डीएनएचे धागे जास्त तापमानाला विलग होतात, ते केवळ या तिसऱ्या बंधामुळे का?

उत्तर १:
केवळ त्यामुळे नाही, जरी पुस्तके सहसा तेवढेच सांगून थांबतात. धागे सुटे झाल्यावर बेस पाण्याशीही हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे जोडीतील बंधांचा निव्वळ लाभ वाटतो त्यापेक्षा कमी असतो. सर्पिलाला मोठा आधार मिळतो तो ०.३४ नॅनोमीटर अंतरावर एकमेकांवर रचलेल्या चपट्या बेसच्या आकर्षणातून, आणि ग्वानिन-सायटोसिनच्या जोड्यांमध्ये ही रचना सहसा अधिक घट्ट असते. जोडीदार कोण असावा, हे ठरवण्यात मात्र हायड्रोजन बंधांचा वाटा मोठा आहे.