वाररेषा ओलांडताना दिवस वाढवायचा की कमी करायचा?

खडूफळा

भूगोलात या एका ठिकाणी मुलांची गाडी हमखास रुतते आणि ती बाहेर काढताना शिकवणाराही घसरतो. प्रश्न तीन आहेत.

१) पूर्वेकडे गेलं की घड्याळ पुढे, हा नियम. मग पूर्वेकडे जाता जाताच वाररेषा (१८०° रेखावृत्ताच्या आसपासची तारीख बदलणारी रेषा) ओलांडली तर तारीख एक दिवस मागे कशी जाते? पाठ करून घेता येतं, पण कुणी 'का' विचारलं की पंचाईत.

२) नेहमीचं उदाहरण: ४५° पश्चिम रेखावृत्तावर सोमवारी रात्रीचे ८ वाजले आहेत, तर १२०° पूर्व रेखावृत्तावर कोणता वार आणि किती वाजले? निम्मा वर्ग म्हणतो मंगळवार सकाळी ७, निम्मा म्हणतो सोमवार सकाळी ७. दोघांची आकडेमोड तपासली तर वरवर चूक सापडत नाही.

३) अक्षांश-अक्षवृत्त आणि रेखांश-रेखावृत्त हे शब्द गाईडमध्ये सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले असतात. फरक गुण जाण्याइतका आहे का?

दर्यावर्दी

तिसऱ्यापासून सुरू करतो, तो पटकन संपेल.

अंश म्हणजे कोन, वृत्त म्हणजे रेघ. विषुववृत्ताच्या पातळीपासून एखादं ठिकाण पृथ्वीच्या केंद्राशी जो कोन करतं तो त्याचा अक्षांश. तितकाच अक्षांश असलेली सगळी ठिकाणं जोडली की होतं ते अक्षवृत्त. रेखांशाचंही तसंच, फक्त रेखावृत्त हे नावाला वृत्त, प्रत्यक्षात ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचं अर्धवर्तुळ. म्हणून 'कोल्हापूरचा रेखांश ७४°१५' पूर्व' हे बरोबर आणि 'कोल्हापूरचं रेखावृत्त ७४°१५'' हे बोलताना चालून जाणारं.

गुण जातात ते मोजणीत. एकेका अंशाच्या अंतराने काढली तर अक्षवृत्तं १८१ धरतात: विषुववृत्त, उत्तरेला ९०, दक्षिणेला ९०. त्यातली शेवटची दोन म्हणजे ध्रुव, ते नुसते बिंदू. रेखावृत्तं मात्र ३६०च, ३६१ नाहीत, कारण १८०° पूर्व आणि १८०° पश्चिम ही एकच रेघ.

आता उदाहरण. मुलांना एकच सवय लावा: हिशोब नेहमी ग्रिनिचवरून (०° रेखावृत्तावरून) न्यायचा, वाररेषेवरून कधीच नाही. दर १५° ला एक तास, म्हणून ४५° पश्चिम म्हणजे ४५ भागिले १५, ३ तास. तिथे सोमवार २०:०० असेल तर ग्रिनिचला सोमवार २३:००. तिथून १२०° पूर्व म्हणजे आणखी ८ तास पुढे. २३ आणि ८ मिळून ३१, त्यातून २४ गेले, उरले ७, आणि मध्यरात्र एकदा ओलांडली म्हणून वार मंगळवार. वाररेषेचं नावही घ्यावं लागत नाही.

सोमवार म्हणणारी मुलं उलट्या बाजूने गेली असणार. ४५° पश्चिमेपासून पश्चिमेकडे १८०° पर्यंत १३५°, म्हणजे ९ तास मागे: सोमवार ११:००. पुढे १८०° पासून १२०° पूर्वेपर्यंत ६०°, आणखी ४ तास मागे: सोमवार ०७:००. वाटेत वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली, तिथे एक दिवस मिळवायचा राहिला. तो मिळवला की मंगळवार ०७:००. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येतं हे एकदा फळ्यावर करून दाखवा, मग दुसरी वाट कायमची बंद करा.

आणखी एक खड्डा. ८२°३०' (भारतीय प्रमाण वेळेचं रेखावृत्त) हा आकडा मुलं ८२.३० असा लिहितात आणि दशांशासारखी वजाबाकी करतात. ८२.३० वजा ७४.१५ केलं तर ८.१५, चौपट ३२.६ मिनिटं. चूक. खरा फरक ८ अंश १५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). अंशाला ४ मिनिटं, कलेला ४ सेकंद: ३२ मिनिटं आणि ६० सेकंद, म्हणजे बरोबर ३३ मिनिटं. कोल्हापूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाण वेळेच्या ३३ मिनिटं मागे आहे ती अशी.

आणि पहिल्या प्रश्नातलं 'का'. पृथ्वीभोवती पूर्वेकडे निघालात तर दर १५° ला घड्याळ एक तास पुढे करत जाता. पूर्ण फेरीत असे २४ तास पुढे केलेले असतात. पण मूळ गावी बसलेल्या माणसापेक्षा तुमच्या आयुष्यात एक दिवस जास्त गेलेला नाही; तुम्ही सूर्याला सामोरे जात राहिलात म्हणून तुमचा प्रत्येक दिवस थोडा आखूड होता आणि सूर्योदय मात्र एक जास्त मोजला गेला. ते २४ तास कुठेतरी एकरकमी परत करावे लागतात. ती जागा वाररेषा. पश्चिमेकडे जाणाऱ्याचं उलट: तो तास तास मागे करत जातो आणि रेषेवर त्याला पूर्ण दिवस पुढे टाकावा लागतो.

याचा पुरावा रेषा ठरण्याच्या कितीतरी आधीचा आहे. मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' हे जहाज पश्चिमेकडे जात फेरी मारून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्द बेटांवर पोचलं. जहाजावरच्या पिगाफेट्टाने रोजची नोंद न चुकता ठेवली होती आणि त्याच्या हिशोबाने बुधवार होता. बेटावरचे लोक म्हणाले, गुरुवार. नोंद चुकलेली नव्हती. तीन वर्षांत तास तास करून एक अख्खा दिवस वाटेत सांडला होता.

लक्षात ठेवायला: आशियाकडे जाताना तारीख पुढे, अमेरिकेकडे जाताना मागे.

खडूफळा

ग्रिनिचवरून जाण्याची युक्ती उद्याच फळ्यावर येणार. पण मग वाररेषा नकाशावर वाकडीतिकडी का? आणि ती कुणी ठरवली? १८८४ च्या परिषदेत, असं एका ठिकाणी लिहिलेलं आहे.

निळी_रेघ

तसं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते अर्धवट आहे. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद झाली, तीत ग्रिनिचमधून जाणारं रेखावृत्त ०° मानायचं ठरलं. २२ देश बाजूने, एक विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. वाररेषा आखण्याचा ठराव त्या परिषदेने केलाच नाही. शून्य ग्रिनिचला गेलं तेव्हा १८०° आपोआप पॅसिफिकच्या मध्यावर पडलं आणि नकाशे काढणाऱ्यांनी रेषा साधारण तिथे धरली. ती कुठून वळवायची हे कुठल्याही आंतरराष्ट्रीय करारात नाही. प्रत्येक देश आपल्या भूमीवर कोणती तारीख चालेल ते ठरवतो आणि नकाशातली रेघ त्याप्रमाणे सरकते.

म्हणून तिची वळणं ही राजकीय सोय आहे. बेरिंगच्या सामुद्रधुनीपाशी ती पूर्वेला झुकते, म्हणजे रशियाचं चुकोत्का अखंड राहतं. लगेच खाली पश्चिमेला वळते, म्हणजे अल्यूशियन बेटं अमेरिकेच्या तारखेत राहतात. दक्षिणेला फिजी, टोंगा यांच्यासाठी पुन्हा पूर्वेला. बेरिंगमधली मोठं डायोमीड (रशिया) आणि छोटं डायोमीड (अमेरिका) ही बेटं जेमतेम चार किलोमीटर अंतरावर, पण हिवाळ्यात त्यांच्या घड्याळांत २१ तासांचा फरक.

सगळ्यात मोठं पोट किरिबाटीचं. या देशाची गिल्बर्ट बेटं रेषेच्या पश्चिमेला आणि लाइन बेटं पूर्वेला होती. राजधानीत शुक्रवार तेव्हा दुसरीकडे गुरुवार. शनिवार-रविवार दोन्हीकडे वेगळे पडल्यामुळे सरकारी कचेऱ्यांना एकमेकींशी आठवड्यात चारच दिवस काम करता येई. १९९५ सुरू होताना त्यांनी पूर्वेकडच्या बेटांवरचा एक दिवस गाळला आणि रेषा थेट १५०° पश्चिमेपर्यंत ढकलली. परिणाम असा की लाइन बेटांपैकी किरितिमाती आणि हवाई यांचं घड्याळ सारखं, तारीख मात्र बरोबर एका दिवसाने वेगळी.

सामोआने २०११ मध्ये हेच केलं. गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, म्हणून तारीखही त्यांची घेतली. याच सामोआने १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोपा व्हावा म्हणून ४ जुलै दोनदा पाळला होता. शेजारचं अमेरिकन सामोआ अजून जुन्याच बाजूला आहे.

यातून निघणारा प्रश्न मुलांना नक्की घाला: पृथ्वीवर एका वेळी जास्तीत जास्त किती तारखा असू शकतात? 'दोन' हे पाठ्यपुस्तकी उत्तर. पण किरितिमाती ग्रिनिचच्या १४ तास पुढे आणि अमेरिकन सामोआ ११ तास मागे आहे, मिळून २५ तास. त्यामुळे भारतात दुपारी साडेतीन ते साडेचार या एका तासात पृथ्वीवर तीन तारखा असतात. आपल्याकडे मंगळवारी दुपारचे चार वाजलेत, तर किरितिमातीवर बुधवार लागून अर्धा तास झाला आणि अमेरिकन सामोआत सोमवार संपायला अर्धा तास आहे.

गिरगावकर

वरच्या चर्चेत स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ यांची सीमा स्पष्ट ठेवा. स्थानिक वेळ रेखांशातून निघते, ती सरकारला बदलता येत नाही. प्रमाण वेळ हा निर्णय आहे. चीन सगळीकडे १२०° पूर्वेची वेळ वापरतो, त्यामुळे काश्गरला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे तीनच्या आसपास वाजलेले असतात. चीन-अफगाणिस्तान सरहद्द ओलांडली की घड्याळ एकदम साडेतीन तास बदलतं. नेपाळ ग्रिनिचच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे. म्हणून 'दर १५° ला एक तास' हा नियम लावून काढलेली वेळ त्या देशातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेलच असं नाही. प्रश्नात 'रेखावृत्तावर' म्हटलं असेल तर गणित करा. शहराचं नाव असेल तर त्या देशाची प्रमाण वेळ पाहा.

मुंबईने हा फरक पन्नास वर्षं जगून पाहिला आहे. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण शहरात 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालू राहिला. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे. हा ३९ आकडा हवेतून आलेला नाही: कुलाब्याचा रेखांश ७२°४९', ८२°३०' मधून वजा करा, चारने गुणा.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बघायचं तर गोंदियाला सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी माथ्यावर येतो. पंचांगात सूर्योदय कोणत्या गावचा दिलाय ते आधी पाहावं लागतं ते उगाच नाही.

सावलीकाठी

हे सगळं अंगणात मोजता येतं, खर्च शून्य. सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ उभी करा. बुंध्याभोवती ५५-६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा (हे माप एप्रिलसाठी; थंडीत सावली लांब पडते, मोठं काढा). सकाळी सावली आखडताना तिचं टोक वर्तुळाला कधी शिवतं आणि दुपारी वाढताना कधी, त्या दोन वेळा नोंदवा. त्यांची मधली वेळ म्हणजे तुमचा खरा मध्यान्ह.

समजा १५ एप्रिलला १०:४१ आणि १४:३५ आलं. मध्य १२:३८. म्हणजे ८२°३०' च्या ३८ मिनिटं मागे, चारने भागून ९.५ अंश, रेखांश ७३° पूर्व. ठाण्याच्या अगदी जवळ.

'सर्वात लहान सावली कधी' असं मात्र पाहू नका. मध्यान्हाच्या सुमारास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की पाच-दहा मिनिटं सहज इकडची तिकडे होतात. टोकही सेंटिमीटरभर धूसर असतं, आणि वरच्या मापात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे दोन मिनिटं. उपाय असा की सकाळी धूसर पट्ट्याच्या ज्या कडेवर खूण केली, त्याच कडेवर दुपारीही करायची. चूक दोन्हीकडे सारखी होते आणि मधली वेळ शाबूत राहते. एक मिनिट चुकलं तर पाव अंश, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे २६ किलोमीटर.

तारीख १५ एप्रिल घेतली त्यालाही कारण आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य घड्याळाबरोबर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, ११ फेब्रुवारीच्या आसपास १४ मिनिटं मागे. मुंबईत खरा मध्यान्ह त्यामुळे नोव्हेंबरात १२:२२ ला, तर फेब्रुवारीत १२:५३ ला येतो. फरक शून्य होतो तो १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. शाळेसाठी १ सप्टेंबर सोयीचा वाटतो, पण पावसाळी आभाळाचा भरवसा नाही. एप्रिलच बरा.

याच कारणाने २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला तरी मुंबईत सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जातो.

खडूफळा

शेवटचं एक. ८२°३०' चं रेखावृत्त एका गाईडमध्ये 'अलाहाबादमधून', दुसऱ्यात 'मिर्झापूरमधून'. उत्तरपत्रिकेत काय लिहायचं?

दर्यावर्दी

मिर्झापूर लिहा, 'जवळून' हा शब्द जोडून. प्रयागराजचा रेखांश ८१°५१' च्या आसपास, म्हणजे रेघेपासून साठ-पासष्ट किलोमीटर पश्चिमेला. राज्यं विचारली तर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, आंध्र प्रदेश, याच क्रमाने वरून खाली. महाराष्ट्रातून ते जात नाही; गोंदियाच्याही पुढे सव्वादोन-अडीच अंशांवर आहे.