एफ वनवरची टिकली : घरच्या कॉम्प्युटरवर सारखे येणारे मेसेज, तुमचेही अनुभव लिहा

पऱ्हाटी
काल दिवाळीची साफसफाई काढली. माळ्यावरून जुना कीबोर्ड निघाला. धूळ पुसली तर एफ वनच्या बटणावर आईची लाल टिकली अजून तशीच चिकटलेली. मी तिथंच शिडीवर बसून राहिले.

2008 मध्ये बाबांनी कापूस विकला आणि अमरावतीहून जुना कॉम्प्युटर आणला. आमचं गाव दारव्ह्यापासून आत. काही महिन्यांतच रोज सकाळी काळ्या पडद्यावर तेच यायला लागलं, सीएमओएस चेकसम एरर, म्हणजे तारीख आणि सेटिंग जपणाऱ्या आतल्या मेमरीत गडबड, खाली एफ वन दाबा. दाबलं की चालू व्हायचा, पण तारीख 1 जानेवारी 2002. बाबा भिंतीवरचं कालनिर्णय पाहून रोज तारीख लावायचे. मी शिकायला यवतमाळला, आणि आई त्यावर बचत गटाचा हिशेब करायची. तिला बटण सापडावं म्हणून बाबांनी टिकली लावून दिली.

दोन वर्षं असंच. कुणी म्हणे व्हायरस आहे. एसटीत मांडीवर घेऊन बाबांनी डब्बा तालुक्याला नेला, फॉरमॅट करून आणला. मेसेज तोच. शेवटी एका मुलानं झाकण उघडून आतला गोल सेल बदलला आणि संपलं. वीज पडायच्या भीतीनं बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचे. बटण चालू असलं तर थोडी वीज आत जात राहते, घड्याळ टिकतं. बंद केलं की सगळा भार त्या सेलवर, आणि तो तर संपलेला. म्हणजे मेसेज पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता, आम्ही वाचायच्या आधी एफ वन दाबत होतो.

बाबा आता नाहीत. तुमच्याकडे कोणता मेसेज सारखा यायचा, कशानं गेला? लिहा ना.

कोरडवाहू
ताई टिकलीचं वाचून डोये भरले.
आमच्याइकडं भाव येईलोक कापूस घरातच. बैठकीत पार छतालोक. त्याच खोलीत कॉम्प्युटर. अर्धा तास चालला की बंद. परत लावला की सीपीयू ओव्हर टेंपरेचर, म्हंजे आतली मुख्य चिप लय तापली. मले वाटे एप्रिल हाय, उन्हामुळं असन. खोलून पायलं तं पंख्याखाली कापसाची गादी बसलेली, बोटानं अख्खी उचलून निघाली. हवा जाईन कुठून? ब्रशनं साफ केलं, चिपची गरमी बाहेर नेणारी पेस्ट वाळली होती, थे पुसून नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी. मंग मे महिन्यातही बंद नाई पडला. सरकीसाठी उंदीर येत, त्याईनं माउसची वायर कुरतडली थे वेगळं.

ज्वारीचं कणीस
कोरडवाहू भाऊ, यंदा विकला का कापूस?

कोरडवाहू
नाई ना. वेचणीच चालू हाय. मजूर भेटून नाई रायले.

ज्वारीचं कणीस
इकडं बी तेच. सोयाबीन काढायलेच पंधरा दिवस गेले.

मेहकरचा मास्तर
आमचा त्रास कुलरचा. कुलरची मोटर सुरू झाली की कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट. मग विंडोज एक्सपीची निळी पाटी, डिस्कची तपासणी करायची आहे म्हणून, आणि टक्के मोजत बसायचं. मी घाईत कोणतंही बटण दाबून ती तपासणी टाळायचो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाटी. फाइल लिहिताना वीज गेली की डिस्कवर एक खूण राहते. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ती खूण पुसली जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. एका रविवारी बसू दिलं पूर्ण. दीड तास लागला, पाटी गेली.
पण मूळ रोग वायरिंगमध्ये. कुलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, त्यात घराला अर्थिंग नावालाच. वायरमननं अंगणात खड्डा घेऊन कोळसा-मीठ टाकून नवीन अर्थिंग केली, कॉम्प्युटरची लाईन वेगळी काढली. कॉम्प्युटरच्या डब्ब्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्याही थांबल्या. घरात लहान मुलं होती हो, आता आठवलं तरी धस्स होतं. पत्र्याला असं जाणवत असेल तर मेसेजचं नंतर पाहा, आधी अर्थिंग पाहा.

वऱ्हाडातली सून
मास्तर, आमच्याकडे पण झिणझिण्या येतात!! वॉशिंग मशीनला. आजच सांगते ह्यांना.

धुऱ्यावरून
निळा पडदा. पांढरी इंग्रजी अक्षरं. वाचेपर्यंत गायब आणि परत सुरू. आमच्या घरात इंग्रजी मलाच थोडं येत होतं, आठवीत होतो. नागपूरच्या मामेभावानं फोनवर सांगितलं, माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढ. मग पडदा थांबला. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. आजी शेजारी बसून वहीत मराठीत उतरवत होती. दुसऱ्या दिवशी वेगळा मेसेज, आय आर क्यू एल पासून सुरू होणारा. मामेभाऊ म्हणाला रोज वेगळा येतो म्हणजे विंडोजपेक्षा रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीवर, संशय घे. वायर काढ, रॅमची पट्टी काढ, सोनेरी दात खोडरबरानं हलकेच घास, कपड्यानं पूस, टक आवाज येईपर्यंत दाब. पावसाळ्यात आमच्या मातीच्या घरात ओल असायची, त्यानं दात काळे पडले होते. दहा मिनिटांत झालं.
आजीची वही अजून आहे. त्यात पापडाचं प्रमाण आणि रॅमचा मेसेज एकाच पानावर.

ज्वारीचं कणीस
आजीला नमस्कार. पापड उडदाचे की ज्वारीचे?

धुऱ्यावरून
ज्वारीचे. प्रमाण टाकतो नंतर, आता म्हशीचं दूध काढायचं आहे.

सेतूवरचा
माझ्याकडे येणारे निम्मे पेन ड्राइव्ह एका काळी शॉर्टकट व्हायरसवाले. सगळे फोल्डर शॉर्टकट दिसतात, उघडले की एरर. लोक रडायच्या घाईला येत, पोराचा दाखला त्यातच असे. फॉरमॅट करू नका, फाइली आत असतात, फक्त लपवलेल्या. कमांडच्या काळ्या खिडकीत अट्रिब लिहून उणे एच, उणे आर, उणे एस लावायचं, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, तारा-टिंब-तारा (*.*) आणि शेवटी स्लॅश एस, स्लॅश डी. कागद परत दिसतात. मग शॉर्टकट उडवा, कॉम्प्युटरही तपासा, नाहीतर पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर पुन्हा तेच.

संत्राबाग
थोडं विषयाबाहेर, पण आताच अडलो आहे. मोर्शीजवळ राहतो. पोरीचा फॉर्म भरायचा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर कोणतीही साइट उघडली की कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणते. तेच नेट मोबाइलवर बरोबर चालते.

पऱ्हाटी
दादा, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दाखवते?

संत्राबाग
2015!! हे कसं काय

पऱ्हाटी
तोच सेल. साइट खरी असल्याचं एक प्रमाणपत्र असतं, त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या लेखी अजून 2015 आहे, म्हणून त्याला प्रमाणपत्र खोटं वाटतं. आत्ता तारीख-वेळ बरोबर करा, फॉर्म उघडेल. मग सेल बदला.

सेतूवरचा
सीआर 2032 मागा. 20 म्हणजे 20 मिलिमीटर रुंद, 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाड. 3 व्होल्ट. घड्याळवाल्याकडेही भेटते. आधी भिंतीतून वायर काढा. लिहिलेली बाजू वर. पहिल्यांदा चालू करताना मेसेज एकदा येईल, घाबरू नका, सेटअपमध्ये जाऊन तारीख लावा आणि एफ टेननं सेव्ह करा.

वऱ्हाडातली सून
पऱ्हाटी ताई, आईंना दाखवला का कीबोर्ड?

पऱ्हाटी
दाखवला. बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, टिकली नको काढू, बाकीचं पुसून घे.

मेहकरचा मास्तर
ताई, मऊ ब्रशनं पुसा. पाणी लावू नका.

संत्राबाग
बाजारातून सेल आणला, बसवला. मेसेज एकदाच आला, तारीख लावली. रात्रभर बटण बंद ठेवून सकाळी पाहिलं, तारीख बरोबर! फॉर्म उघडला. पोरीची आई म्हणते तुमच्या ताईला आमच्या बागेची संत्री पाठवा. आता फोटो मोठा आहे म्हणून घेत नाही, त्याचं काय करू?

सेतूवरचा
पेंटमध्ये उघडा, वर रिसाइज आहे, तिथं 50 टक्के करा, दुसऱ्या नावानं सेव्ह करा. मूळ फोटो तसाच ठेवा.