गावाच्या लोकसंख्येचे व सामाजिक रचनेचे जुने आकडे कसे वाचावेत?

मालदांडी (मंगळवेढा तालुका):
नमस्कार. आमच्या कोरडवाहू गावाच्या ग्रामपंचायतीसाठी मी १९८१ ते २०११ या जनगणनांवरून टिपण तयार करीत आहे. १९९१ मध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते, परंतु त्या दशकात बाहेरून कोणी वस्तीला आल्याचे जुन्या मंडळींना आठवत नाही. २००१ ते २०११ या काळात सोलापूर जिल्हा ३८,४९,५४३ वरून ४३,१७,७५६ वर गेला, आमचे गाव मात्र जागच्या जागी राहिले. उत्पन्नाचा तर रकानाच सापडत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भीमाकाठ:
१९५६ नंतर धम्म स्वीकारलेल्या अनेक कुटुंबांनी जनगणनेत आपला धर्म बौद्ध असा नोंदविला आणि १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. त्यामुळे राज्यातील हे प्रमाण १९८१ च्या सुमारे ७ टक्क्यांवरून १९९१ मध्ये ११ टक्क्यांवर गेले. माणसे तीच होती, रकाना बदलला. टिपणात हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ असे कृपया लिहू नये. इतर जातींचे म्हणाल, तर १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेत आलेलेच नाहीत, त्यामुळे धनगर किंवा मराठा कुटुंबे किती वाढली हे त्या पुस्तिकांत शोधण्यात अर्थ नाही.

कोरडवाहू:
जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. शिधापत्रिकेच्या रंगावरूनही अंदाज बांधू नये. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी ४४,००० रुपयांची मर्यादा असल्यावर दाखले कितीचे निघतात, हे आपण सारे जाणतोच. त्यापेक्षा शेतकरी व शेतमजूर यांचे परस्पर प्रमाण, सहा महिन्यांहून कमी काम मिळालेल्यांची संख्या आणि २०११ च्या घरयादीतील दुचाकी व पक्की छपरे पाहावीत.

माणतीर (सांगोला):
गाव जागच्या जागी का राहिले, याचे उत्तर ऊसतोडीत असावे असे मला वाटते. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि त्या संपूर्ण काळात बाहेर असलेल्या माणसाची नोंद घरी न होता तो असेल तेथे व्हायची असते. फेब्रुवारीत गळीत हंगाम ऐन भरात असतो. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघालेली जोडपी पाडव्याच्या आसपास परततात आणि लहान मुले त्यांच्यासोबत फडावरच असतात. साहजिकच टोळ्या पाठविणारे गाव त्या वीस दिवसांत कमी भरते आणि कारखान्याजवळचे फुगते. आपल्या गावातून टोळ्या जात असतील, तर शून्य ते सहा वयोगटाचा आकडा शाळेच्या पटाशी आणि एकूण आकडा मतदार यादीशी ताडून पाहावा. शिक्षणासाठी पुण्याला जाऊन तेथेच स्थिरावलेली घरे मात्र वेगळी काढावी लागतील. सारे खापर हंगामावर फोडता येणार नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम, आणि या वेळी सर्व जातींची नोंदही व्हायची आहे. तेव्हा टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, ग्रामपंचायतीने स्वतःची कुटुंबयादी करून ठेवावी.