नवीन ठाणे स्टेशन आधी हवं की कळवा-ऐरोली लिंक?

कोपरीकर: ठाणे आणि मुलुंडच्या मधे मनोरुग्णालयाच्या जागेवर नवीन स्टेशन होऊ घातलंय, आणि जो तो म्हणतोय की आता ठाण्याची गर्दी कमी होणार. मला नाही पटत. ठाण्याला जी गर्दी दिसते ती सगळी ठाणेकरांची नाहीच हो. डोंबिवली-बदलापूरचा माणूस रबाळे-घणसोलीला कामाला जातो, तो ठाण्याला उतरतो, जिना चढतो, ब्रिजवरून नऊ-दहा नंबरला जाऊन वाशीची गाडी पकडतो, आणि संध्याकाळी तेच उलटं. २००४ ला ठाणे-वाशीची ट्रान्स हार्बर लाइन सुरू झाली तेव्हापासून हे असंच चाललंय. ही माणसं नवीन स्टेशनला कशाला जातील? त्यांना ठाण्याच्या आधीच्या कळव्याहून थेट वाशी लाइनवरच्या ऐरोलीला गाडी द्या, ती ठाण्याला उतरणारच नाहीत. आधी ते करा.

घोडबंदरवाला: कोपरीतून चालत स्टेशन गाठणाऱ्याला हे बोलणं सोपं आहे. मी कासारवडवलीहून निघतो, लोकलमधे जेवढा वेळ जातो तेवढाच सकाळी स्टेशन गाठण्यात जातो. २००९ ला सॅटिस, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसचा पूल झाला, बस वरून जायला लागल्या, बरं झालं, पण त्या सॅटिसपर्यंत पोचायला गावातूनच यावं लागतं ना, गोखले रोड म्हणा, जांभळी नाका म्हणा, कुठूनही या, रिक्षा हलतच नाही. नवीन स्टेशन हायवेजवळ आहे, घोडबंदरची निम्मी माणसं जरी तिकडे वळली तरी जुन्या स्टेशनला श्वास घेता येईल. आम्ही टॅक्स भरत नाही का?

जुना ठाणेकर: दोघांनाही एक सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून दुपारी ३:३५ ला गाडी सुटली, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि सुमारे ४०० माणसं, तेव्हा ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं. पुढच्याच वर्षी लाइन खाडी ओलांडून कल्याणला गेली आणि ठाणे मधलं स्टेशन झालं. गाव स्टेशनला दोन्ही बाजूंनी चिकटत गेलं, आता रुंदीला जागाच उरली नाही. २०२४ ला पाच नंबर प्लॅटफॉर्म दोन-तीन मीटर रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला! तयार काँक्रीटचे बॉक्स आणून बसवले तेव्हा कुठे जमलं. म्हणून मी नवीन स्टेशनच्या बाजूने आहे, जुन्यात आणखी किती कोंबणार?

डोंबिवलीची: नवीन स्टेशन म्हणजे आमच्या स्लो गाडीला आणखी एक थांबा, हे कोणीच बोलत नाहीये. आणि गर्दीचं म्हणाल तर मी रोज सहा नंबरला उतरते, वाशीच्या गाडीसाठी. परवा जिन्यावर माझ्या पुढे एक आजी होत्या, एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हातात पिशवी, मागून सगळे "चला चला" करतायत आणि त्यांना पायरीच दिसत नव्हती. मी पिशवी घेतली तर म्हणाल्या, बाळा माझी चप्पल खाली राहिली. मागे वळून चप्पल घेणं शक्यच नव्हतं. तशाच अनवाणी चढल्या. माझा पाठिंबा लिंकला आहे.

घोडबंदरवाला: ताई, तुमचं सगळं मान्य. पण लिंकची वाट बघत आम्ही किती वर्षं बसायचं? जे होतंय ते तरी होऊ द्या. एकाला थांबवून दुसरं लवकर होतं असं मी तरी कुठे पाहिलं नाही.

कोपरीकर: तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे, थांबवा असं मी म्हणतच नाही, थांब्याची मिनिटं मोजून गाड्या वाढवा म्हणजे डोंबिवलीकरांवर अन्याय नको. पण लिंक का अडलीय तेही बघा. ठाणे-ऐरोलीच्या मधलं दिघा गाव स्टेशन त्याच कामातलं, जानेवारी २०२४ ला सुरूसुद्धा झालं, पण तिथे गाडी येते ती ठाण्याहूनच, कल्याणकडून यायला लाइनच नाही. पुढचा उंचावरचा तुकडा कळव्याकडे उतरतो आणि तिथे वाटेत झोपड्या आहेत. त्या लोकांना आधी घरं द्या, जवळपासच द्या, लांब कुठेतरी नेऊन टाकू नका, त्यांचीही कामं याच भागात आहेत. तेवढं झालं की खांब उभे करायला जागा मोकळी होईल.

डोंबिवलीची: हो, आणि तोपर्यंत पाच-सहा नंबरला आणखी एक सरकता जिना तरी द्या.