कालव्याकाठची सायकल: फ्रान्समधल्या निवांत वाटांचे अनुभव

काठावरची
आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला वड रस्तारुंदीत गेला. दोन दिवस करवतीचा आवाज घरात येत राहिला आणि मला मात्र सारखा दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यू मिदी आठवत होता. २०१७ च्या मार्चअखेरीस आम्ही दोघे तुलूजहून भूमध्य समुद्राकाठच्या सेत गावापर्यंत त्या कालव्याच्या काठाने सायकलवरून गेलो होतो. २४० किलोमीटरचा हा कालवा १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. तो खोदवून घेणारा प्येर-पॉल रिके मिठावरचा कर वसूल करणारा अधिकारी होता आणि कालवा खुला होण्याच्या काही महिने आधीच तो वारला. नावा ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, तीच आज सायकलींची वाट आहे. त्यामुळे चढ जवळजवळ नाही आणि मोटारी तर नाहीतच. बोटी वर-खाली करणाऱ्या लॉकपाशी रखवालदाराचे छोटे घर असते आणि त्याच्या भिंतीवर मागचे व पुढचे लॉक किती मीटरवर आहे हे सांगणारी पाटी असते.

नोरूझ येथे डोंगरातून आणलेले पाणी कालव्यात सोडतात. त्यातले काही अटलांटिकच्या दिशेने जाते, काही भूमध्य समुद्राच्या. तिथे आम्ही तासभर एकही शब्द न बोलता बसलो होतो. लग्नाला सत्तावीस वर्षे झालेल्या जोडप्याची ही शांतता भांडणामुळे नव्हती, याची मी मुद्दाम नोंद करते.

कार्कासोनच्या पुढे मात्र करवती चालू होत्या. या काठांवर प्लेनची, म्हणजे आपल्या चिनाराच्या भाऊबंदांची, सुमारे ४२,००० झाडे होती. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो फ्रान्समध्ये आला असे मानतात. त्यावर उपाय नसल्याने रोगट झाडाबरोबर त्याच्या शेजारची झाडेही तोडतात आणि जागेवरच जाळतात. पाच किलोमीटर आम्ही नुसत्या बुंध्यांमधून गेलो.

किल्ले, राजवाडे आणि आयफेल मनोरा यांविषयी पुष्कळ वाचून झाले आहे. ज्यांनी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकल चालवली आहे, त्यांनी त्या निवांत वाटांविषयी इथे लिहावे.

तुलूजकर
ताई, तुम्ही अवघड बाजू निवडली होती. तुलूजपासून साधारण ५० किलोमीटर डांबरी वाट आहे. पुढे माती, खडी आणि त्याच प्लेनची वर आलेली मुळे लागतात. त्यातच 'ओताँ' नावाचा आग्नेयेचा वारा सुटला, तर समुद्राकडे जाणाऱ्याला तो थेट तोंडावर घ्यावा लागतो. हा वारा माणसाला वेड लावतो असे इकडचे लोक म्हणतात आणि नऊ वर्षे इथे नोकरी केल्यावर माझाही त्यावर विश्वास बसला आहे.

ज्यांना पहिल्यांदा जायचे आहे त्यांनी तुलूजहून उलट दिशेने, गारोन नदीच्या समांतर कालव्याने जावे. १९३ किलोमीटरचा हा कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या काठची वाट जवळपास सगळी डांबरी आहे. आझाँ येथे हा कालवाच पुलावर चढून नदी ओलांडतो. तो दगडी पूल ५३९ मीटर लांब असून त्याला २३ कमानी आहेत. खाली गारोन वाहते, वर बोट चाललेली असते आणि तिच्या शेजारून आपण सायकल चालवत असतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तिथे उतरून विचारले होते, "बाबा, वरच्या पाण्याला खालचे पाणी ओळखते का?" मी अभियंता असूनही मला उत्तर देता आले नाही.

जिरेमोहरी
मुळांवरून जाताना माझ्या मागच्या पिशवीतली मेतकुटाची बरणी उघडली आणि पुढचे चार दिवस माझे कपडे, नकाशा आणि पंक्चर काढायचे सामान यांना एकच वास होता. दक्षिण फ्रान्समधील कुत्र्यांनी मला फार प्रेम दिले.

बाराशे
मी फ्रान्समध्ये सायकल चालवली ती पॅरिस-ब्रेस्त-पॅरिससाठी, ऑगस्ट २०१९ मध्ये. १८९१ मध्ये सुरू झालेली ही मोहीम आता चार वर्षांतून एकदा होते. रांबुयेहून निघून ब्रेस्तपर्यंत जायचे आणि परत यायचे, असे १,२०० किलोमीटर ९० तासांत पूर्ण करायचे असतात. हजारो सायकलस्वार असताना ती वाट निवांत कशी, असे कोणी विचारील. पहाटे तीन वाजता ब्रिटनीच्या चढ-उतारांवर पुढे लांबवर लाल दिव्यांची माळ दिसते आणि साखळ्यांच्या आवाजाखेरीज काहीही ऐकू येत नाही, तेव्हा तो प्रश्न पडत नाही.

पुणे, नाशिक आणि मुंबईच्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमध्ये, आम्ही घाट चढायची तयारी केली होती, थंडीची मात्र केली नव्हती. दुसऱ्या रात्री मी एका खेड्यात दात वाजवत उभा होतो, तेव्हा घरासमोर टेबल मांडून बसलेल्या एका आजोबांनी मला कॉफी दिली आणि जुने वर्तमानपत्र सदऱ्याच्या आत छातीवर घालायला लावले. पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला. वारीतल्या माणसाला वाटेवरचे गाव असेच जेवू घालते, हे त्यांना सांगण्याइतके फ्रेंच मला येत नव्हते, म्हणून मी वाकून नमस्कार केला. ते घाबरले. मी कोसळतो आहे, असे त्यांना वाटले असावे.

काठावरची
बाराशे, वर्तमानपत्राची युक्ती माझे वडील स्कूटरवर वापरत असत.

उपाशी_प्रवासी
शांततेची दुसरी बाजूही सांगायला हवी. ल्वार नदीच्या काठाने जाताना मी एका सोमवारी सलग तीन गावांत गेले आणि तिन्ही गावांतील पावाची दुकाने बंद होती. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यांत काहीही मिळेल असे गृहीत धरू नये. इतर दिवशीही बारा ते दोन या वेळात दुकानदार जेवायला जातात आणि त्यांचे दार वाजवण्याचा विचारही मनात आणू नये, हे पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. शाकाहारी माणसाने पाव, चीज, टोमॅटो आणि फळे शनिवारीच भरून ठेवावीत. दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणावे. ते न म्हणता वस्तू मागितल्यास मिळणारी नजर मला अजून आठवते.

पाण्यासाठी मात्र कबरस्तान शोधावे. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी नाही ना, एवढे पाहून बाटली भरावी. मी अशीच बाटली भरत असताना आईचा फोन आला आणि मी कुठे आहे हे तिला खरे सांगितले. त्यानंतर घरी दोन दिवस गोंधळ चालू होता.

निवृत्त_काकू
मी एकसष्टाव्या वर्षी सुनेबरोबर बरगंडीत गेले होते. झिव्री ते क्लुनी या जुन्या लोहमार्गावर १९९७ मध्ये फ्रान्समधली पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हरित वाट, तयार झाली. रूळ काढून डांबर घातले आहे, पण स्थानकांच्या इमारती तशाच उभ्या आहेत. आगगाडीचा मार्ग असल्याने चढ इतका सौम्य आहे की भाड्याच्या सायकलीची बॅटरी मी फारशी वापरलीच नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि पांढऱ्या गायी होत्या. क्लुनीच्या पुढे ब्वा क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. आतला गारवा एकदम अंगावर येतो. हिवाळ्यात वटवाघळांची झोप मोडू नये म्हणून तो बंद ठेवतात. माणसांनी वटवाघळांसाठी वळसा घालायचा, ही कल्पना मला फार आवडली. सून मात्र पुढे निघून गेली होती आणि बोगद्याच्या तोंडाशी माझी वाट पाहत उभी होती; आमच्या संबंधांत त्या दिवसापासून बराच फरक पडला, पण त्याचा धागा वेगळा काढावा लागेल.

यवतमाळचा
काकू, तुमचा प्रतिसाद वाचताना मला आमची शकुंतला रेल्वे आठवली. तिच्या अरुंद रुळांचीही अशी सायकलवाट करावी, असे कोणीतरी सुचवील, म्हणून आधीच सांगतो की आम्हांला गाडीच परत हवी आहे.

निवृत्त_काकू
अगदी मान्य आहे. सुनेलाही मान्य आहे.

पांढरा_रस्ता
कालवे आणि लोहमार्ग सपाट असतात, म्हणून तिथे उन्हाळ्यात गर्दी वाढते. खरी शांतता हवी असल्यास मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा घ्यावा आणि त्यात पिवळ्या रंगाने दाखवलेले रस्ते सोडून पांढरे, म्हणजे अगदी लहान रस्ते, धरावेत. जिल्हावार नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे दीड किलोमीटर. रस्त्यावर बाणाचे टोक असेल तर चढ आहे असे समजावे. एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३ टक्के आणि तीन बाण म्हणजे त्याहून जास्त. हे मला लोझेरमध्ये तिसरा बाण ढकलत चढल्यावर कळले. मुख्य भूमीवरील सर्वांत विरळ वस्तीचा हा जिल्हा आहे आणि एका सकाळी चार तासांत मला दोन मोटारी, एक ट्रॅक्टर आणि असंख्य मेंढ्या भेटल्या. गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावे असा तिथे नियम आहे. त्या ट्रॅक्टरवाल्याला तेवढी जागा मिळेना, तेव्हा तो वळण संपेपर्यंत माझ्या मागे मुकाट्याने येत राहिला. मला इतका संकोच वाटला की मीच उतरून बाजूला झालो.

जिरेमोहरी
कात्रजच्या बोगद्यापाशी हा नियम सांगून पाहावा.

काठावरची
तुलूजकर, तोडलेल्या झाडांच्या जागी आता काय आहे?

तुलूजकर
नवी झाडे लावली आहेत. या वेळी एकाच जातीची न लावता वेगवेगळ्या जातींची लावली आहेत, म्हणजे एका रोगाने सगळी जाणार नाहीत. गेल्या महिन्यात मी पाहिली त्यांतली काही माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत, पण सावली अजून सायकलीपुरतीही पडत नाही. जुलैमध्ये येणार असाल तर बाटल्या दोन ठेवा.